मिर्तोच्या जवातला खांब

दूताला स्वतःचं बोलणं नसतं. गाव जे सांगेल ते पलीकडे जाऊन तसंच सांगायचं, पलीकडचं ऐकून घ्यायचं, आणि परत येऊन तेही तसंच सांगायचं. माझे वडील फालारा गावचे दूत होते. त्यांच्यामागे मी सव्वीस वर्षं ते काम केलं. हातात दूताची काठी असली की मला कोणी हात लावत नसे, आणि मलाही कोणाचा शब्द बदलता येत नसे. एवढ्या वर्षांत खोटा आहे हे पक्कं ठाऊक असताना मी एकच निरोप पोचवला. तो मिर्तोचा.

फालाऱ्याचं आणि नदीपलीकडच्या केत्र्याचं वरच्या कुरणावरून आजोबांच्या काळापासून वैर. दर दहा-पंधरा वर्षांनी दोन्ही गावं ढाली काढायची. पण ढालीला ढाल लावून रांगेत उभं राहता येईल अशी सपाट जागा दोन्हीकडे मिळून एकच होती. ती म्हणजे नदीच्या उताराजवळचं आन्द्रोनचं शेत. त्यामुळे भांडण कुरणाचं असलं तरी तुडवलं जायचं आन्द्रोनचं पीक. त्याच्या बापाच्या वेळी घेवडा तुडवला होता. त्याच्या वेळी जव.

त्या लढाईत दुपार व्हायच्या आत आमची रांग डावीकडून फुटली. आमचे अकरा गेले, त्यांचे सात. आन्द्रोन अकरांतला. स्वतःच्या बांधापासून वीस पावलांवर पडला. त्याचा धाकटा भाऊ फेनेस रांगेत त्याच्या शेजारीच होता. रांग फुटल्यावर तो सगळ्यांबरोबर पळाला, आणि त्यात लाज वाटण्यासारखं कोणाला काही दिसलं नाही, एक त्याला सोडून.

संध्याकाळी मी काठी घेऊन प्रेतं मागायला गेलो. ज्याला आपली माणसं मागायला दूत पाठवावा लागतो तो हरला, असा नियम. मी पहिलं पाऊल उचललं तेव्हाच कुरण गेलं.

आमची रांग जिथे फिरली नेमक्या त्या जागी केत्र्याच्या लोकांनी ओकचा खांब पुरला. त्याला आडवं लाकूड बांधलं आणि पडलेल्यांतल्या एकाचं सगळं लढाईचं सामान त्यावर चढवलं. वर टोप, खाली छातीचं चिलखत, बाजूला ढाल. ते सामान आन्द्रोनचं होतं. त्यांनी ते मुद्दाम निवडलं नव्हतं. जवळ पडलं होतं आणि चांगल्या पितळेचं होतं, एवढंच. ढालीवर आन्द्रोनने स्वतःच्या हाताने साळिंदर रंगवलं होतं. ते अंजिरासारखं दिसायचं, आणि त्यावरून तो जिवंत असताना त्याला कमी चिडवलं नव्हतं.

करार झाला. शेत आमच्याकडे राहिलं, कुरण त्यांच्याकडे गेलं, आणि खांब झ्यूसचा झाला. एकदा उभा राहिलेला विजयाचा खांब हरलेल्याने पाडायचा नाही. जिंकलेल्यानेही तो दुरुस्त करायचा नाही, टेकू द्यायचा नाही, लाकूड बदलायचं नाही. म्हणून तर तो लाकडाचा करतात, दगडाचा करत नाहीत. लाकूड कुजलं की त्याच्याबरोबर वैरही कुजावं, असं जुन्या लोकांच्या मनात होतं.

मिर्तो, आन्द्रोनची बायको, तेव्हा चोवीस वर्षांची होती. पदरात थियानो नावाची चार वर्षांची मुलगी. कायद्याने आता दीर तिचा पालक, पण फेनेस त्या शेतात पाय ठेवायला तयार नसे. भावाचं चिलखत शत्रूच्या खांबावर लटकलेलं त्याला बघवत नव्हतं. मग मिर्तोनेच नांगर धरला. पहिल्या वर्षी वारा सुटला की टोपातून शीळ वाजायची आणि बैल बुजायचे. तिने बैलांच्या कानात लोकर कोंबली. खांबाभोवती चार-चार पावलं जागा सोडून ती नांगर वळवायची, म्हणून तिच्या शेतातलं प्रत्येक तास तिथे येऊन पोट काढल्यासारखं वाकडं व्हायचं.

लोक म्हणायचे, रोज नवऱ्याचं चिलखत बघत पेरणी करते, बाईचं काळीज कसलं! मी एकदा तिला तसं बोललोही.

"दामासकाका," ती म्हणाली, "रोज बघितलं की दिसायचं बंद होतं. तुम्हाला तुमचं नाक दिसतं का?"

सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी खांबाला खालून भुंगा लागला आणि तो पूर्वेकडे कलला. गावात आनंद झाला. झऱ्यावर पाणी भरताना, तेलाच्या घाण्यावर, जिथे तिथे तोच विषय. कापणीच्या आत पडतो की नंतर, यावर लोक सुक्या अंजिरांच्या पैजा लावायला लागले. फेनेस सहा वर्षांत पहिल्यांदा शेताच्या बांधापर्यंत आला, खांबाकडे बघत उभा राहिला आणि परत गेला. मग तो रोज येऊ लागला.

म्हणून टेकू पहिल्यांदा त्यालाच दिसला.

ऑलिव्हच्या लाकडाचा, मनगटापेक्षा जाड, नीट तासलेला टेकू खांबाच्या कललेल्या बाजूला लावलेला होता. रानात सापडलेली फांदी उचलून कोणी टेकवली असेल असं म्हणायलाही जागा नव्हती. वरच्या टोकाला खाच पाडलेली होती आणि ती खांबाच्या गाठीत बरोबर बसली होती.

फेनेस ओरडतच गावात आला. तासाभरात सभा भरली.

"त्यांनी टेकू दिला!" तो म्हणाला. "सहा वर्षं आम्ही बोट लावलं नाही. माझ्या भावाची ढाल तिथे उन्हात सडतेय, आम्ही बोट लावलं नाही. आणि यांनी टेकू दिला! त्यांना वैर संपवायचंच नाही. मग ठीक आहे, नको संपवायला."

झ्यूसचा पुजारी एउमेल मोठा सावध माणूस. त्याने विचारलं, "त्यांनीच दिला हे कशावरून?"

"मग काय आम्ही दिला? आमच्याच हरण्याला आम्ही टेकू दिला?"

लोक हसले, आणि हसता हसताच चिडले. ठराव झाला. टेकू लावणाऱ्याला केत्र्याने पाच दिवसांत आमच्या हवाली करावं. नाही केलं तर करार मोडला असं समजून ढाली बाहेर काढायच्या. घरी जाताना माणसं भाल्याचे दांडे वाकवून बघत होती. वीस-बावीस वर्षांची पोरं, जी त्या लढाईच्या वेळी बकऱ्या राखत होती, ती फार खुशीत होती.

मी दुसऱ्या दिवशी काठी घेऊन केत्र्याला गेलो आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्यांची मंडळी खरोखरच गोंधळली. एवढ्या वर्षांत मी खोटं बोलणारे चेहरे इतके पाहिले की खरं बोलणारे लगेच कळतात.

"आमच्यापैकी कोणी असलं काम केलेलं नाही," त्यांचा प्रमुख म्हणाला. "आणि केलं असतं तरी दूतराव, तुमच्या हवाली माणूस आम्ही देणार नाही. हेही सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

परत निघालो तर वेशीपासून एक म्हातारा माझ्याबरोबर चालू लागला. खारोप त्याचं नाव. नांगर बनवायचा, दोन्ही गावांत त्याचे नांगर चालायचे. शांततेच्या काळात मीही त्याच्याकडून एक घेतला होता. त्याचा एकुलता एक मुलगा लिकास त्याच लढाईत गेला होता, एकोणिसाव्या वर्षी. नदीच्या उतारावर पाण्यात पाय टाकायच्या आधी म्हणाला, "टेकू माझा आहे."

मी थांबलो.

"हा निरोप आहे का?"

"नाही. आपलं बोलतोय."

"मग मी ऐकलं नाही."

"नका ऐकू. पण मी बोलतो." तो एका दगडावर बसला. "आमचे सात जण एकाच सरणावर जाळले. उशीर झाला होता, लाकडं कमी होती. राख एकाच रांजणात भरली. आता त्यातली लिकासची कोणती आणि बाकीच्यांची कोणती, कोणी सांगावं? त्याची आई रांजणाजवळ जाते आणि सहा परक्या पोरांसाठीही रडून येते. मला तसं जमत नाही. मला त्या खांबाची जागा माहीत आहे. तिथे तो पडला, मी बघितलंय. खांब पडला की तिथे नांगर फिरेल. मग जागा कोणती, तेही कळायचं नाही."

"हे देवाच्या नियमाविरुद्ध आहे, खारोप."

"ठाऊक आहे. देवाशी माझं मी बघून घेईन. मला वाटलं, कोणाच्या लक्षात येणार नाही."

"एवढा तासून लावलास, आणि लक्षात येणार नाही?"

म्हातारा जरा ओशाळला. "ओबडधोबड काम माझ्याच्यानं होत नाही," तो म्हणाला.

मी नदी ओलांडली. वाट मिर्तोच्या शेतावरूनच होती. जव पिवळा पडायला लागला होता, आठ-दहा दिवसांत विळा लावण्याजोगा. ती खळं सारवत होती. मी पाणी मागितलं. तिने पाणी दिलं, वर जवाची भाकर आणि चीज दिलं, आणि विचारलं, "खारोप भेटला का?"

मी हातातली भाकर खाली ठेवली.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? भर दुपारी आला. सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हा. मी खळ्यावर होते. खांद्यावर लाकूड, हातात मोगरी. पहिल्यांदा भलत्याच बाजूला लावत होता. मी इथूनच ओरडले, वारा पलीकडून येतो म्हणून. दचकून पडलाच बिचारा. मग त्याने बाजू बदलली."

"मिर्तो! तू त्याला मदत केलीस?"

"मदत कसली? खांब पडला असता तर माझ्या जवात पडला असता. मग पुजारी येणार, त्याच्या मागे गाव, गावामागे कुत्री. तयार पीक तुडवून टाकलं असतं. म्हटलं, कापणीपर्यंत उभा राहिला तर बरंच." ती सारवायला लागली. मग हात थांबवून म्हणाली, "बसला होता थोडा वेळ. पोराबद्दल बोलला. मी ऐकून घेतलं. आता काय होणार?"

"केत्र्याचे लोक माणूस देणार नाहीत. म्हणजे लढाई."

"कुठे?"

सपाट जागा एकच होती.

तिने शेताकडे पाहिलं. तिचा चेहरा रागावलेला किंवा घाबरलेला नव्हता. बाजारात भाव ऐकल्यावर बाई मनातल्या मनात काही जुळवते, तशी ती दिसत होती.

"गावातल्याच कोणी लावला असेल तर?" तिने विचारलं.

"तर करार मोडत नाही. मग तो आमच्या गावाचा विटाळ. त्याचं प्रायश्चित्त पुजारी सांगेल."

"मारून टाकतील?"

"पुरुषाला कदाचित टाकतील. बाईला... सांगता येत नाही."

"निरोप घ्या," मिर्तो म्हणाली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि उभी राहिली. निरोप उभं राहून द्यायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. "आन्द्रोनची बायको मिर्तो सभेला सांगते, की खांबाला टेकू मी लावला. दुसऱ्या कोणी लावला नाही."

"हे खोटं आहे."

"हा निरोप आहे."

"तुझ्या वतीने सभेत बोलायचा हक्क फेनेसचा आहे."

"भावोजींना सांगितलं तर ते निरोप वाटेतच गाडून टाकतील. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

निरोप बदलणं दूताला मना आहे. निरोप खरा आहे की खोटा हे तपासणं त्याचं काम नाही. वडिलांनी मला एवढंच शिकवलं होतं. असं काही पुढे येईल हे त्यांनाही सुचलं नसावं.

सभेत मी आधी केत्र्याचं उत्तर सांगितलं. गलका झाला. तो ओसरल्यावर मिर्तोचा निरोप सांगितला.

फेनेसचा चेहरा पांढरा पडला. "का?" त्याने मला विचारलं.

"निरोपात 'का' नाही," मी म्हणालो.

कोणी म्हणालं, तिला दगड मारा. कोणी म्हणालं, सीमेबाहेर काढा. एक म्हातारा म्हणाला, सहा वर्षं ते चिलखत डोळ्यांसमोर, बाई भ्रमिष्ट झाली असेल. मग फेनेस एकदम उठून म्हणाला, "दगडबिगड कोणी मारणार नाही. ती माझ्या घरची आहे. जे प्रायश्चित्त असेल ते सांगा, शुद्धीचं डुक्कर मी देतो."

एउमेलने दोन दिवस घेतले. अडचण अशी होती, की टेकू तसाच राहू देणं पाप, आणि काढायला देवाच्या खांबाला हात लावणं हेही पाप. शेवटी त्याने निर्णय दिला. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा, दोन्ही गावांसमोर, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर डुकराच्या पिलाच्या रक्ताने शुद्धी. आणि तीन वर्षं मिर्तोने कोणत्याही वेदीजवळ जायचं नाही, धान्याची देवी डिमीटर हिच्या सणाला बायकांबरोबर डोंगरावर जायचं नाही.

हे सगळं मी केत्र्याला जाऊन सांगितलं. ते पोट धरधरून हसले. त्यांच्या विजयाला आमची विधवा टेकू देते, याहून गोड बातमी त्यांना वर्षभरात मिळाली नव्हती. खारोप मागे भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

ठरलेल्या सकाळी दोन्ही गावं आली. मिर्तोने माझ्याकडून आधीच पुकारून घेतलं होतं, की सगळ्यांनी बांधावर उभं राहावं, जवात जो पाय ठेवेल त्याला देव बघून घेईल. देवाचं नाव तिने घातलं होतं, मी फक्त पुकारलं. लोक बांधावर दाटीवाटीने उभे राहिले. पूर्वेच्या बांधावर ते, पश्चिमेच्या बांधावर आम्ही. शस्त्रं आणायची नव्हती, तरी पोरांच्या कमरेला सुरे दिसत होते.

मिर्तो पायवाटेने खांबापर्यंत गेली. पायात काही नाही, केस मोकळे. केत्र्याच्या बाजूने ओरडा झाला, "राहू दे की बाई! एवढा आवडला असेल तर घरी ने!"

"चुलीजवळ उभा कर, ऊब देईल!"

आमची पोरं पुढे सरकली. मी काठी वर केली, ती थांबली.

तिने टेकू दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. तो हलला नाही. खांदा लावून ढकलला, तरी हलला नाही. खांबाचा भार त्यावर आला असेल असं आधी सगळ्यांना वाटलं. मग मला खारोपची ओशाळलेली मुद्रा आठवली. हा माणूस ओबडधोबड काम करत नाही. त्याने बुडाशी कुठेतरी मेख मारून टेकू पक्का केला असणार. ती कुठे, हे मिर्तोला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिने पाहिलं होतं ते खळ्यावरून, लांबून.

ती वाकून बुडाशी माती चाचपू लागली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. वेळ जायला लागला. आमच्याच बांधावर कोणीतरी हळू म्हणालं, "लावताना बसला, आणि काढताना कळेना?" शेजारच्याने त्याच्याकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं. तो विचार बांधावरून एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकताना मला दिसत होता. फेनेसच्या भुवया जवळ आल्या.

तेवढ्यात केत्र्याच्या बाजूने एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"अगं ए बाई! मेख मारलीस तर कुठे मारलीस ते तरी ध्यानात ठेवायचं! बायकांचं सुतारकाम म्हणजे असंच! पोटाखाली मारली असशील, वीतभर आत, तिरकी! उजव्या हाताचा माणूस डावीकडूनच ठोकतो, तिकडे बघ की, शहाणे!"

केत्र्याचे लोक खदाखदा हसले. आमच्याकडून शिव्या सुरू झाल्या. फेनेस ओरडला, "थेरड्या, तोंड सांभाळ! ती एका पडलेल्या माणसाची बायको आहे!"

"मीही एका पडलेल्या पोराचा बाप आहे!" खारोप ओरडला.

मिर्तोने डावीकडे, टेकूच्या पोटाखाली, वीतभर खोल हात घातला. मेख सापडली. तिने दगडाने तिला तीनदा ठोकलं, उपटली आणि टेकू ओढला. तो सुटला. खांब करकरत हातभर खाली आला.

आणि तो तिथेच थांबला. पडला नाही.

आता काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पडायला हवा असं आम्ही धरून चाललो होतो, पडेल असं त्यांनीही मानलं होतं. ढकलता तर येत नव्हता. लोक तसेच उभे राहिले. ऊन चढलं. एउमेलने पिलू कापलं, रक्त शिंपडलं, म्हणायचं ते म्हटलं, तरी खांब उभाच. थोड्या वेळाने माणसं बांधावर बसली आणि बरोबर आणलेल्या भाकरी, कांदे, ऑलिव्ह काढून खायला लागली. केत्र्याच्या एकाकडे मीठ नव्हतं, त्याने आमच्याकडे मागितलं. दुपारी एकेक करून सगळे घरी गेले. ज्यांनी सुरे आणले होते त्यांनी ते कांदा कापायला वापरले.

मिर्तोने जव वेळेवर कापला. खांब त्यानंतर एकोणीस दिवसांनी पडला, भर दुपारी, वारा नसताना. तिथे एकटी मिर्तोच होती. तिने येऊन मला सांगितलं, मी गावाला सांगितलं, मग केत्र्याला जाऊन सांगितलं, "खांब पडला. आपणहून पडला." त्यांचा प्रमुख "बरं" म्हणाला आणि मला ताक दिलं. पितळ देवाचं असल्यामुळे एउमेलने ते झ्यूसच्या देवळामागे पुरायला लावलं.

खारोप त्याच्या दारात नांगराचं जू तासत बसला होता. मी थांबलो. त्याला म्हणालो, "तिला काही सांगायचंय?"

त्याने हातातली तासणी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "राहू दे," तो म्हणाला. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तो गेला. खांबाच्या जागेवर मिर्तो नांगर फिरवते का, हे मी बघितलं होतं. फिरवत होती. सरळ तास.

फेनेस वर्षभर तिच्याशी बोलला नाही. मग एका पेरणीला, कोणी न बोलावता, आपली बैलजोडी घेऊन तिच्या शेतात आला आणि नांगरायला लागला. पुढे दर वर्षी येत राहिला. एकदा झऱ्यावर मला म्हणाला, "दामास, मला तिचा फार राग आला होता. पण बघ, आम्ही सगळे पळालो, मला धरून. तीच एकटी त्याची ढाल पडू द्यायला तयार नव्हती. एवढी माया असेल असं मला कधी वाटलं नाही."

हे मी मिर्तोला सांगितलं. निरोप म्हणून नाही, आपलं बोलणं म्हणून. ती शेंगा निवडत होती.

"खरं काय ते त्याला सांगू का?" मी विचारलं. "आता धोका नाही. म्हातारा गेला."

"नको," ती म्हणाली. "बैल चांगले आहेत त्यांचे."

मग म्हणाली, "आणि त्यांना बरं वाटतं ना तसं? वाटू दे."

त्यात खरंच माया होती का, थोडीशी का होईना, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

ती तीन वर्षं मात्र तिला जड गेली. शरद ऋतूत बायका डिमीटरच्या सणाला तीन दिवस डोंगरावर जातात, गावात फक्त पुरुष आणि लहान पोरं उरतात. मिर्तो घरात बसायची, दार लावून. थियानो वर्षावर्षाला मोठी होत होती आणि आई का जात नाही म्हणून विचारायची. बाकी कशाचीही थट्टा करणारी मिर्तो त्या तीन दिवसांबद्दल कधी हसून बोलली नाही. पलीकडच्या म्हाताऱ्यासाठी आणि आपल्या जवासाठी तिने हे पदरात घेतलं होतं, आणि ते हलकं नव्हतं.

चौथ्या वर्षी ती गेली. थियानोला बरोबर घेऊन, पहाटे, सगळ्या बायकांच्या मागे चालत. तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा ती घोळक्याच्या मध्ये हसत चालत होती आणि तिचा आवाज बसलेला होता. डोंगरावर काय झालं ते पुरुषांनी विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलं नाही.